नऊ वेळा उठायचं होतं

माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, वर्षश्राद्धाला जमिनीवरून एकंदर किती वेळा उठावं लागेल, हे विचारायला मी महिनाभर आधी वाध्यारांच्या घरी गेलो. वाध्यार म्हणजे आमच्याकडचे भटजी. हे आमच्यातलेच, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहून घरात मराठी बोलणारे, सत्तरी ओलांडलेले. माझी मुंज त्यांनीच लावली होती.

"श्राद्धाचा हिशोब उठाबशांत कोणी केला नाहीं रे आजवर," ते म्हणाले. पण मग त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवत सगळा विधी मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत केला आणि एकेक बोट मिटत गेले. "नऊ. शेवटची प्रदक्षिणा धरली तर दहा."

"दहावं सोडता येईल?"

"भाजीबाजार आहे काय हा?" असं म्हणाले खरे, पण दहावं सोडलं. पायधुणीच्या वेळी ब्राह्मणांना उंच बाकावर बसवू, म्हणजे मला खाली वाकावं लागणार नाही, हेही त्यांनीच सुचवलं. माझा पाट एकावर एक तीन ठेवून उंच करायचा ठरला. फक्त शेवटचा साष्टांग नमस्कार सोडता येणार नाही, म्हणाले. "तेवढा एक पाहिजेच. तो नाहीं तर मग काय राहिलें?"

मला जमिनीवरून उठता येत नाही, म्हणून ही घासाघीस. माझं वय अठ्ठावीस. हे वाक्य मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते सांगताना चेहऱ्यावर काय भाव ठेवायचा हेसुद्धा ठरून गेलं आहे.

सुरुवात पुण्यात झाली, चोविसाव्या वर्षी. तिथे मी कंपनीत कामाला होतो, तिसऱ्या मजल्यावर खोली होती, लिफ्ट नव्हती. एके दिवशी दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहिलो आणि पुढची पायरी चढेना. खोलीतले मित्र म्हणाले, जिमला जा. तसंही माझ्या 'जाहलें, केलें'वर त्यांची करमणूक व्हायची. तुमच्याकडे सगळेच दोनशे वर्षं मागे का, असं विचारायचे. पुढे डोक्यावरून शर्ट काढता येईना. केस विंचरताना हात कानापर्यंत जाऊन थकायचा. डॉक्टरांनी आधी जीवनसत्त्वं दिली. मग रक्तात काहीतरी वाढलेलं दिसलं म्हणून यकृताचा आजार ठरवला आणि सहा महिने माझी दारू बंद केली. मी ती कधी प्यालो नव्हतो. शेवटी मांडीतला स्नायूचा तुकडा काढून तपासला, तेव्हा खरं नाव कळलं. नाव लांबलचक आहे आणि ते ऐकून कुणाचंच समाधान होत नाही. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या स्नायूंना शत्रू समजते, असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. मराठीत यासाठी तीन शब्द आधीपासून आहेत: कुंपणच शेत खातं. मी नोकरी सोडली आणि कुंभकोणला, मेलकावेरीतल्या आमच्या घरी परत आलो.

आजारी माणसाबद्दल लोकांची एक कल्पना असते. तो वाळलेला, खोकणारा असावा. मी गोळ्यांनी फुगलेलो. गाल असे वर आलेले की शेजारच्या बाई आईला म्हणाल्या, मुलाला चांगलं खायला घालतेस. खुर्चीत बसलेलो असलो की मी धडधाकट दिसतो. उठायला लागलो की लोक नजर वळवतात. आधी खुर्चीच्या काठावर सरकायचं, पाय मागे घ्यायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, मग स्वतःच्याच मांडीवर हातांनी चढत चढत सरळ व्हायचं. जमिनीवरून तर तेही नाही. बसमध्ये म्हाताऱ्यांच्या जागेवर बसलो की मला अर्धं गाव सोंगाड्या समजतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण खरी आहे, पण तिचा उपयोग काही नाही.

सल्ले तर विचारू नका. कुणी तेल सांगतं, कुणी काढा. राहूची बाधा आहे, तिरुनागेश्वरमला जाऊन दुधाचा अभिषेक करा, असं तर किमान आठ जणांनी सांगितलं. आई दोनदा जाऊन आली. मी विरोध केला नाही. विरोध करायलाही स्नायू लागतात.

थकवा हा शब्दही मला आता पुरत नाही. दिवसभर काम केल्यावर येतो तो थकवा. झोपलं की जातो. माझा सकाळी माझ्या आधी उठलेला असतो.

अप्पांबद्दल सांगितलं पाहिजे. ते शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. एकादशीला गोविंदपुरमला विठ्ठलाच्या भजनात झांजा वाजवायला जायचे, आणि एकादशी असो नसो, सकाळी पावणेसहाला माझ्या खोलीत यायचे. माझ्या काखांखाली हात घालायचे आणि म्हणायचे, "चल, उठूं या." जसं काही त्यांनाही उठायचंच बाकी आहे. मग एका दमात मला पलंगावरून सरळ उभं करायचे, भिंतीपर्यंत न्यायचे, आणि मी सावरलो की पेपर आणायला बाहेर जायचे. दोन वर्षं रोज. मला त्याची लाज वाटायची. सव्विसाव्या वर्षी बापाच्या मिठीत सकाळ सुरू होणं, यात प्रेम असेल, पण मला फक्त त्यांच्या बनियनचा वास आणि माझं लोंबकळणं जाणवायचं.

मग त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. हृदयाच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं, भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. घरी आल्यावर मी म्हणालो, आता आपण माणूस ठेवू. अप्पा म्हणाले, "तूं काय बादली आहेस?" आणि दुसऱ्या दिवशी पावणेसहाला खोलीत हजर.

ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी त्यांनी मला दोनदा उचललं होतं. एकदा नेहमीसारखं, आणि एकदा मी न्हाणीघरात घसरलो म्हणून. दुपारी पेपर वाचता वाचता ते खुर्चीतच गेले. याचा त्याच्याशी संबंध आहे असं मला कुणी म्हणालं नाही. नाही असंही कुणी म्हणालं नाही. माझ्या डॉक्टरीणबाईंना मी फोनवर विचारलं, तर त्या म्हणाल्या, असं सांगता येत नाही. मी वर्षभर त्या उत्तरावर राहिलो. आईशी हा विषय मी काढला नाही, तिनेही नाही.

ते गेले तेव्हा माझा आजार जोरावर होता. मान धरत नव्हती, घास उतरत नव्हता. मी दर्भ दिला. ज्याला स्वतः क्रिया करता येत नाही त्याने दर्भाची काडी दुसऱ्याच्या हातात द्यायची. मग तो करतो ते याच्या वतीने. ज्या घरात मुलगा नसतो तिथे बायको किंवा लेक अशी काडी देते. त्यांना ते करायची परवानगी नाही, मला ताकद नव्हती, एवढाच फरक. चेन्नईहून काकांचा मुलगा आला आणि अप्पांना अग्नी त्याने दिला. दर महिन्याची मासिकंही त्यानेच केली, आगगाडीने येऊन-जाऊन, एकदाही न कुरकुरता. मी बाजूला खुर्चीत बसून माझ्याच बापाचं गोत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

वर्षश्राद्ध मात्र मला स्वतः करायचं होतं. त्या दिवशी पितर येऊन पाहतात, जेवतात, असं आम्ही मानतो. मी कितपत मानतो ते मलाही नक्की माहीत नाही. पण जर येणारच असतील, तर अप्पांसमोर एकदा तरी मला कुणी न उचलता उठायचं होतं. बाकी काही नको होतं.

सलाइनमधून दिलेल्या नव्या औषधाने फरक पडला होता. मी सराव सुरू केला. जमिनीवरून उठायची एक रीत आहे: कुशीवर व्हायचं, मग ओणवं, मग एक पाऊल पुढे, मग मांडीचा तो हातांनी चढायचा डोंगर. पहिल्या आठवड्यात एकदा जमलं, तिसऱ्या आठवड्यात सलग चारदा. जानव्याचीही पंचाईत होती. पितरांच्या कामात ते सारखं उजव्या खांद्यावर घ्यायचं, देवांचं काम आलं की पुन्हा डाव्या. माझा हात डोक्यावरून जात नाही. मग मी डोकंच खाली घालून, हाताऐवजी मान जानव्यातून काढायला शिकलो.

आई हे सगळं दारातून पाहायची. साठीची आहे, एक गुडघा गेलेला. अप्पांनंतर मला तीच उठवते, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवलेला रुंद पट्टा माझ्या पाठीमागून घालून. ती म्हणाली, "दर्भ दे की रे. इतकें करून काय मिळायचें आहे? त्यांला राग येणार आहे काय?"

"मला येतो," मी म्हणालो.

श्राद्धाच्या दिवशी पहाटे आंघोळ करून मी सोवळं नेसलो. ब्राह्मण जेवेपर्यंत श्राद्ध करणाऱ्याने उपाशी राहायचं, म्हणजे दुपारी एक-दीडपर्यंत. माझी स्टेरॉइडची गोळी सकाळी, खाऊन, घ्यायची असते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "औषधाला दोष नाहीं. दोन घास दूधभात खा आणि गोळी घे. वाध्यारांला मी सांगतें."

मी म्हणालो, "घेतली."

खोटं बोललो, आणि तेही सोवळ्यात. एक दिवस, अप्पांसाठी, पोटात काही जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. उपास करण्याएवढा तरी मी धड आहे हे मला हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी चार वेळा सांगितलं होतं की ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, इतकी वर्षं ती घेतल्यावर शरीर स्वतःचं ते रसायन बनवायचं विसरून जातं. मला ते पाठ होतं. तरीही मी त्या दिवशी शहाण्या माणसाचा मुलगा नव्हतो, नुसता मुलगा होतो.

पहिली पाच उठणं झाली. पाट उंच होता, वाध्यार मंत्र जरा लांबवून मला वेळ देत होते आणि तसं करत नसल्यासारखं दाखवत होते. काकांचा मुलगा आगगाडीतून नुकताच उतरलेला, पँटशर्टात, म्हणून अंगणात थांबलेला. सोवळ्यात असलेल्याला त्याने शिवायचं नाही. दारातून तो माझ्याकडे एकटक पाहत होता. सहावं झालं तेव्हा त्याने अंगठा वर केला. मला हसू आलं. अग्नीचा धूर होता, वैशाखातला उकाडा होता, पण मी चक्क मजेत होतो. ब्राह्मण पानावर बसले. आईने केलेलं सगळं वाढलं गेलं. त्यांचं जेवण संपलं, सातवं झालं. पिंड ठेवले, मंत्र संपले, आठवं झालं. तेव्हा डोकं हलकं झालं होतं आणि तोंडाला कोरड होती, पण मी ते आनंदावर घातलं.

मग नमस्कार. खाली जाणं मला कधीच अवघड गेलं नाही. मी आडवा झालो, कपाळ फरशीला टेकलं. फरशी गार होती. मी अप्पांना काय म्हणायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही.

कुशीवर झालो. ओणवा झालो. पाऊल पुढे घेतलं आणि डोळ्यांसमोर काळं आलं. पाऊल तिथेच राहिलं, मी बसलो. पुन्हा केलं, पुन्हा बसलो. घाम कानामागून गळत होता आणि अंग गार पडत होतं. तिसऱ्यांदा तर कुशीवरही होता येईना. समोर दोन ब्राह्मण हात धुऊन, आशीर्वादाच्या अक्षता हातात घेऊन उभे. दारात काकांचा मुलगा एक पाय उंबऱ्याच्या आत टाकून थिजलेला. सगळं घर माझ्या उठण्याची वाट पाहत होतं, आणि मी फरशीवर ओल्या फडक्यासारखा पडलो होतो.

वाध्यार जवळ येऊन वाकले. हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "दे."

काय ते मला कळलं. बोटातलं दर्भाचं पवित्रक मी काढलं. ते निघतानाही दोनदा अडलं. त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते स्वतःच्या बोटात घातलं, माझं गोत्र, माझं नाव, अप्पांचं नाव घेतलं, आणि ते सत्तरीतले गृहस्थ, माझ्याशेजारी, कण्हत कण्हत आडवे झाले. नमस्कार केला. मग एक हात जमिनीला, एक हात गुडघ्याला लावून उठून उभे राहिले.

मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मला त्यांचा हेवा वाटला. इतका की मी दुसरीकडे पाहिलं.

ब्राह्मणांनी अक्षता त्यांच्यावरही टाकल्या, माझ्यावरही. मग आई आली. तीही सोवळ्यातच होती, तिला मला शिवता येत होतं. पट्टा माझ्या खोलीत होता, तो ओवळा; म्हणून तिने नुसत्या हातांनी काखांखाली धरलं. वाध्यार तोंड भिंतीकडे करून नसलेली भांडी आवरत राहिले. तिचा गुडघा करकर वाजला, मला ऐकू आला.

तीन वाजता सगळे गेले. काकांचा मुलगा जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. मी पलंगावर पडलो होतो. आई माझ्या गोळ्यांचा डबा घेऊन आली. त्यात वारांचे सात खण असतात. आजच्या खणातल्या गोळ्या तिने तळहातावर घेतल्या आणि मला दाखवल्या. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तो स्पीकरवर ठेवला, म्हणजे त्या मला काय बोलतात ते तिलाही ऐकू यावं. त्या पुष्कळ बोलल्या. मी भात खाल्ला, गोळी घेतली, आईने दर अर्ध्या तासाने माझा रक्तदाब पाहिला.

संध्याकाळी ती पलंगाशेजारी येऊन बसली. मला वाटलं, समजूत काढणार. वाध्यारांनी केलं म्हणजे तूच केलंस, असं काहीतरी. ते मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मीच आधी म्हणालो, "एकच राहिलं होतं, आई. आठ झाली होती."

"एकांनी डॉक्टरांचें ऐकलें नाहीं," ती म्हणाली, "त्यांचें श्राद्ध आज जाहलें. तुजें कोण करील?"

तिने गोळ्यांचा डबा माझ्या उशाशी सरकवला.

"तुला बायको नाहीं, मूल नाहीं. मीच आहें. बाईनें तें करायचें नाहीं म्हणतील. मलाच वाध्यारांच्या हातांत दर्भ द्यावा लागेल. पोटच्या पोरासाठीं. तूं पाहिलास की आज, देतांना कसें वाटतें तें."

तिचा आवाज चढला नव्हता. ती पदराने गुडघा चोळत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं. बादलीचं, दोनदा उचलल्याचं, सगळं. वर्षभर ती ते घेऊन या घरात वावरली होती आणि त्याचा दोष तिने एकदाही माझ्याकडे वळवला नव्हता. तो तिने अप्पांवर ठेवला होता. आज पहिल्यांदा ती माझ्यावर रागावली होती, आणि ते उठता आलं नाही म्हणून नाही. मी एक वर्षभर ज्या आरोपाची वाट पाहत होतो तो आलाच नाही. आला तो न घेतलेल्या गोळीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगावर पडूनच इडली मागितली. खाल्ली, गोळी घेतली, आणि तोंड उघडून तिला दाखवलं. तिने वाकून नीट पाहिलं. मग मी हात वर होतील तेवढे वर केले आणि तिने पट्टा माझ्या पाठीमागून घातला.